गल्लीतून सुसाट जाणाऱ्या गाड्यांना आवर कसा घालायचा: ठाण्यातल्या ढोकाळीच्या आमच्या रस्त्यावरून शिकलेलं

घोडबंदर रोड तुंबला की लोक आतून कोलशेतच्या बाजूला सटकतात, त्या आतल्या रस्त्यांपैकी एक आमचा. आधी खड्डे होते म्हणून सगळे हळू जायचे, मग काँक्रीट झालं, रस्ता गुळगुळीत आणि सरळ झाला आणि त्या दिवसापासून गाड्या अशा सुटतात की गेटमधून बाहेर पाऊल टाकायची भीती वाटते.

दोन पावसाळ्यांपूर्वी शेजारच्या विंगमधल्या आजी संध्याकाळी दूध आणायला खाली उतरल्या आणि गेटसमोरच त्यांना बाइकने उडवलं. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आता त्या दिवसभर गॅलरीत बसून असतात. त्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर एकच मागणी होती, स्पीडब्रेकर पाहिजे म्हणजे पाहिजे. आम्ही अर्ज दिला, मागे लागलो आणि महिन्याभरात स्पीडब्रेकर पडलासुद्धा. पण कसा, तर डांबराचा उंच अरुंद ढिगारा, वर रंग नाही, आधी बोर्ड नाही आणि नेमका तिथलाच दिवा बंद. आठ दिवसांत रात्रीच्या वेळी एक डिलिव्हरीवाला मुलगा त्यावरून उडून पडला, हात मोडला. जेवण आमच्याच बिल्डिंगमध्ये घेऊन येत होता. त्या अर्जावर पहिली सही माझी होती, ते मला अजून लागतं.

तेव्हा कळलं की नुसतं "स्पीडब्रेकर द्या" म्हणणं पुरत नाही, आपल्या रस्त्यावर नक्की काय होतंय ते आधी आपल्याला माहीत पाहिजे आणि मग नेमकं काय हवंय ते मोजमापासकट मागायला पाहिजे. त्यानंतर दीड वर्ष आम्ही जे केलं ते खाली सांगते, तुमच्या रस्त्याला जे लागू पडेल ते घ्या.

सगळ्यात आधी एक वही घाला. साधी दोनशे पानी, वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवायची आणि सोसायटीतल्या प्रत्येकाला सांगायचं की रस्त्यावर काही झालं, नुसतं थोडक्यात वाचलं तरी, तारीख, वेळ, जागा, कोणती गाडी, काय झालं एवढं लिहून ठेवा. "थोडक्यात वाचलं" हे मुद्दाम लिहायचं, कारण जिथे रोज कुणीतरी दचकून मागे सरतं तिथेच एक दिवस कुणीतरी सापडतं. पोलिसांकडे फक्त नोंद झालेले अपघात असतात, किरकोळ मार लागला तर आपले लोक चौकीला जातच नाहीत, मग कागदावर तुमचा रस्ता अगदी सुरक्षित दिसतो. सरकारी व्याख्येनुसार ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमींचे ५ अपघात झाले, नाहीतर १० मृत्यू झाले, तर तो ब्लॅक स्पॉट. म्हणजे आतला रस्ता ब्लॅक स्पॉट ठरेपर्यंत थांबायचं असेल तर तोवर किती माणसं गमवायची हे तुम्हीच बघा. वॉचमनला वही भरायला आवडेलच असं नाही, त्याच्याशी नीट बोला, रात्री बारानंतर जे होतं ते फक्त त्यालाच दिसतं. आमचे वॉचमन काका तर गाडीचा आवाज ऐकून टँकर की डंपर ते सांगतात.

दोन महिन्यांची वही झाली की एक कागद घेऊन रस्त्याचा नकाशा काढा आणि प्रत्येक नोंदीला टिंब द्या. आमच्याकडे आम्हाला वाटत होतं गेटसमोर सगळ्यात जास्त त्रास आहे, टिंबं मात्र जमली पुढच्या वळणावर, जिथे कोपऱ्याला कायम दोन टेम्पो उभे असतात आणि त्यांच्या आडून बाहेर येणारं पोर कुणालाच दिसत नाही. म्हणजे पहिला स्पीडब्रेकर चुकीच्या प्रकारचा होता आणि चुकीच्या जागी पण होता.

मग वेग मोजा, याला मशीन लागत नाही. शिंप्याकडची नाही, बांधकामवाल्याची लांब टेप घ्या, रस्त्याच्या कडेने ५० मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना चुन्याची खूण करा. दोघं जण फुटपाथवर सुरक्षित उभे राहायचं, गाडी पहिल्या खुणेवर आली की एकाने हात वर करायचा, दुसऱ्याने मोबाइलचं स्टॉपवॉच चालू करायचं आणि दुसऱ्या खुणेवर बंद. ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, साडेचार सेकंद म्हणजे ४०, ३.६ सेकंद म्हणजे ५० आणि ३ सेकंद म्हणजे ६०. हिशोब सोपा आहे, मीटर भागिले सेकंद गुणिले ३.६. शंभर गाड्या मोजा, मधली एखादी सुटली तर सुटू दे, पण मुद्दाम फक्त जोरात जाणाऱ्या निवडू नका, नाहीतर इंजिनिअर पहिल्याच प्रश्नात तुम्हाला पकडेल. आकडे कमी ते जास्त असे लावा आणि ८५ नंबरचा आकडा बघा, ट्रॅफिकवाले याच आकड्यावरून रस्त्याचा वेग ठरवतात, त्यामुळे अर्जात तो दिसला की समोरचा माणूस तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो, हा माझा अनुभव आहे. वेगवेगळ्या वेळी मोजा. आमची समजूत होती की शाळा सुटताना वेग जास्त, वहीत उलट निघालं, शाळा सुटताना गर्दीमुळे सगळे आपोआप हळू असतात, खरा वेग सकाळी साडेसहाला, जेव्हा मुलं बसची वाट बघत रस्त्याच्या कडेला झोपेत उभी असतात, आणि रात्री अकरानंतर.

आता ३० आणि ६० मध्ये एवढा काय फरक असं मीटिंगमध्ये कुणीतरी विचारणारच, तेव्हा हे सांगा. पोर समोर आलेलं दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत चांगल्या ड्रायव्हरला पण एक सेकंद जातो. ३० च्या वेगात त्या एका सेकंदात गाडी ८ मीटर पुढे गेलेली असते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी साधारण ५ मीटरमध्ये थांबते, एकूण १३. ६० च्या वेगात नुसत्या त्या सेकंदात १६-१७ मीटर आणि मग थांबायला आणखी २०, म्हणजे ३६-३७ मीटर, टीएमटीच्या तीन मोठ्या बस एकामागे एक लावल्या तेवढं अंतर. पावसात त्याहून जास्त. आणि वेग दुप्पट झाला की धक्क्यातली ताकद दुप्पट नाही, चौपट होते. म्हणून तर २०२० मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेत ठरलं की जिथे माणसं आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे ३० च्या वर वेग नको. आपल्याकडे २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत पालिका हद्दीतल्या रस्त्यांसाठी कारला कमाल ७० आणि दुचाकीला ६० लिहिलं होतं, हा कमाल आकडा, स्थानिक पातळीवर तो कमी करता येतो, पण त्यासाठी कुणीतरी मागावं लागतं आणि रस्त्यावर बोर्ड लागावा लागतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली, त्यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत.

पुढचं, रस्ता कोणाचा ते शोधा. यात लोकांचे सहा-सहा महिने जातात. ठाण्यात आतले रस्ते बहुतेक महापालिकेचे, पण मेट्रो ४ च्या कामाचे पत्रे लावलेत तिथे एमएमआरडीएचा संबंध येतो आणि हायवेची गोष्ट पुन्हा वेगळी. नवी मुंबईत राहत असाल तर सेक्टरमधला रस्ता महापालिकेचा, पण काही भागात अजून सिडको आणि एमआयडीसी पट्ट्यात एमआयडीसी, सायन-पनवेल हायवे सार्वजनिक बांधकामचा. रस्ता ज्याचा त्याच्याकडे डिझाइनची मागणी, म्हणजे क्रॉसिंग, फुटपाथ, गतिरोधक, दिवे. आणि वन-वे, नो-पार्किंग, अवजड वाहनांना बंदी, वेगमर्यादा यासाठी वाहतूक पोलीस, कारण त्याची अधिसूचना तिकडून निघते, ठाण्यात पोलीस उपायुक्त वाहतूक शाखा. दोघांनाही एकमेकांच्या प्रती टाकून पत्र द्या, नाहीतर पालिका म्हणते पोलिसांची एनओसी आणा आणि पोलीस म्हणतात पालिकेला विचारा आणि मधे आपण रिक्षाचे पैसे घालवत फिरतो.

आता मागायचं काय, इथे जरा थांबून वाचा.

गतिरोधक मागायचा असेल तर मापासकट मागा. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमातला साधा गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधे १० सेंटीमीटर उंच असतो, म्हणजे जवळजवळ एका गाडीच्या लांबीचा पसरट उंचवटा, त्यावरून २५ च्या आसपास वेगाने गाडी आरामात जाते, अँब्युलन्समधल्या पेशंटला दणका बसत नाही, बाइकवाला उडत नाही. त्यावर पट्टे रंगवलेले पाहिजेत आणि ४० मीटर आधी बोर्ड पाहिजे. आपल्याकडे जे हातभर रुंदीचे ढिगारे किंवा स्क्रूने ठोकलेले काळे-पिवळे रबरी तुकडे दिसतात ते हे नव्हेत. रबरी तुकडे निघतात, खाली खिळे वर येऊन राहतात, त्याने टायर फाटतात. आणि कृपा करून कुणीही स्वतःच्या खर्चाने रात्रीत स्पीडब्रेकर घालू नका, दगड, कुंड्या, दोरी आडवी लावू नका, भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली रस्त्यात अडथळा आणणं हा गुन्हा आहे आणि त्याच्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्यावर पडणारा माणूस कुणाचा तरी मुलगा असतो.

पण माझं आता असं मत झालंय की गतिरोधकापेक्षा जास्त उपयोग इतर गोष्टींचा होतो. रस्ता रुंद आणि सरळ दिसला की पाय आपोआप अॅक्सिलरेटरवर जातो, चांगल्या माणसाचा पण जातो, म्हणून रस्ता अरुंद वाटायला लावायचा. उंच झेब्रा मागा, म्हणजे क्रॉसिंगच फुटपाथच्या उंचीला आणायचं, आजींना उतरावं-चढावं लागत नाही आणि गाडीला हळू व्हावंच लागतं, एका कामात दोन कामं. वळणाचा कोपरा फुटपाथ वाढवून आत घ्यायला सांगा, गोल मोठा कोपरा असला की रिक्षा न थांबता वळते, काटकोनी झाला की थांबावं लागतं. चौकाच्या कोपऱ्यावरचं पार्किंग बंद करा, आमच्याकडे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम हेच निघालं, ते टेम्पो हलवून तिथे खांब रोवले आणि त्या वळणावर वहीतल्या नोंदी जवळजवळ थांबल्या. फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा असायला हवा असं नियमात आहे, झाड, डीपी बॉक्स, टपरी सोडून मोकळा, तो मोजा आणि नसेल तर फोटो लावा, कारण लोक हौसेने रस्त्यावरून चालत नाहीत. दिवे बंद असतील तर खांबाच्या नंबरासकट तक्रार द्या, दिव्याचं काम लवकर होतं. रंग थर्मोप्लास्टिकचाच मागा, साधा रंग एका पावसाळ्यात जातो.

अर्ज छोटा ठेवा. आम्ही दिलेला साधारण असा होता:

"मा. सहाय्यक आयुक्त, माजिवडा-मानपाडा प्रभाग समिती, ठाणे महानगरपालिका. प्रत: मा. पोलीस उपायुक्त, वाहतूक शाखा, ठाणे. विषय: अमुक रस्त्यावर अमुक सोसायटीचे गेट ते अमुक चौक या भागात वेग नियंत्रण व सुरक्षित क्रॉसिंगबाबत. महोदय, वरील रस्त्यावर आम्ही दोन महिने नोंदी ठेवल्या असून तारीखवार यादी, नकाशा, वेगमोजणीचा तक्ता व फोटो सोबत जोडले आहेत. आमची मागणी: १) अमुक ठिकाणी उंच झेब्रा क्रॉसिंग, २) अमुक कोपऱ्यावर नो-पार्किंग व खांब, ३) सध्याचा गतिरोधक इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार दुरुस्त करून रंग व फलक. कृपया कनिष्ठ अभियंत्यांसोबत संयुक्त पाहणीची तारीख कळवावी."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, संयुक्त पाहणी. एकदा जेई म्हणजे कनिष्ठ अभियंता, ट्रॅफिकचा हवालदार आणि आपण तिघंही जागेवर उभे राहिलो की निम्मे वाद तिथेच मिटतात, शक्यतो पाहणी सकाळी साडेसहाला नाही झाली तरी संध्याकाळी ठेवा, दुपारी तीनला रस्ता रिकामा असतो आणि सगळं ठीक दिसतं. सह्या घ्या, पण शंभर सह्यांपेक्षा शाळेचं एक पत्र, रिक्षा स्टँडचं एक आणि समोरच्या डॉक्टरांचं एक असं असलं तर जास्त वजन पडतं. रिक्षावाल्यांना वगळू नका, ते दिवसभर तिथेच उभे असतात आणि कोण कुठे आपटतं ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. दोन प्रती घेऊन जा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

महिन्यात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो, ऑनलाइन पण होतं, उत्तराची मुदत ३० दिवस. "काम का केलं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. "आवक क्रमांक अमुक या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्या" असं विचारा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, आधी अर्ज देऊन तिथे थेट वरच्या अधिकाऱ्यांसमोर विषय मांडता येतो. नगरसेवकांकडे जायचं असेल तर बजेटच्या आधी, डिसेंबर-जानेवारीत जा, मार्चनंतर निधी कुठे लागला ते ऐकायला मिळतं.

महाट्रॅफिक अॅपवर फोटोसकट तक्रार करता येते, पण मोबाइलच्या व्हिडिओवरून वेग सिद्ध करणं अवघड, त्यामुळे राँग साइड, ट्रिपल सीट, फुटपाथवरचं पार्किंग, नंबर प्लेट झाकलेली अशा गोष्टी टाका. नंबर प्लेटचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरवून कुणाच्या घरी जाऊन भांडू नका.

आणि जरा आपल्या घरात बघू या, हे लिहिताना मला अवघड वाटतंय कारण ओळखीच्या लोकांबद्दल आहे. आमच्या वहीत पहिल्या महिन्यात ज्या गाड्या परत परत आल्या त्यातल्या दोन आमच्याच पार्किंगमधल्या निघाल्या, एक सोळा वर्षांच्या मुलाची. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९अ आलं, अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर न बोलता त्या वडिलांना घरी जाऊन हे शांतपणे सांगितलं आणि चावी बंद झाली. तसंच डिलिव्हरीवाल्या मुलांचं, उशीर झाला म्हणून इंटरकॉमवर ओरडणारे आपणच असतो, आम्ही गेटवर पाणी आणि बसायला बाक ठेवलाय आणि दहा मिनिटं उशीर झाला तर कुणी बोलायचं नाही असं ठरवलंय.

एवढं करूनही अपघात होतो, तेव्हा काय करायचं ते वॉचमनच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरात लावून ठेवा. १०८ अँब्युलन्स, ११२ पोलीस. जखमीला उचलून रिक्षात कोंबू नका, मानेला मार असेल तर कायमचं नुकसान होतं, रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, पाणी पाजू नका. ड्रायव्हरला मारू नका, पळू देऊ नका, गाडीच्या नंबरचा आणि गाड्या हलवण्याआधी जागेचा फोटो काढा. मदत करायला घाबरू नका, २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि आता मोटार वाहन कायद्यातच कलम १३४अ आहे, तुम्हाला नाव सांगायची सक्ती नाही आणि हॉस्पिटल तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही. २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, अपघातापासून ७ दिवस, दीड लाखांपर्यंत उपचार योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये, त्यासाठी पोलिसांची नोंद लागते, म्हणून "जाऊ दे, मिटवू" म्हणून चौकी टाळू नका. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तरी मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार भरपाई आहे, अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयात. गाडी सापडली असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणातल्या दाव्याची मुदत ६ महिने, वकिलाला लवकर भेटा. आजींच्या घरच्यांना यातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं, ऑपरेशनचे सगळे पैसे मुलाने एफडी मोडून भरले आणि पोलिसांत नोंद केली तेव्हा बाइकचा नंबर कुणाच्याच लक्षात नव्हता.

काम झालं की त्याच खुणांवर, त्याच वेळी पुन्हा शंभर गाड्या मोजा, आधीचा आणि नंतरचा तक्ता शेजारी शेजारी लावून तोच कागद पालिकेला आणि ट्रॅफिकला द्या, पुढच्या गल्लीतल्या लोकांना पण द्या कारण आपल्याकडून हटलेला शॉर्टकट बहुतेक त्यांच्याकडेच गेलेला असतो. आमचा ढिगारा फोडून मापातला गतिरोधक झाला, वळणावर खांब आले, उंच झेब्रा अजून मंजुरीत आहे. दर वर्षी गणपतीच्या आधी आम्ही पट्टे किती उरलेत ते बघतो आणि उडाले असतील तर जुना आवक क्रमांक संदर्भात टाकून नवीन अर्ज लावतो.